एलवाइफ: परका मासा जपायचा की संपू द्यायचा?

प्रश्न असा आला आहे. उत्तर अमेरिकेतल्या पाच मोठ्या सरोवरांपैकी मिशिगन सरोवरातला एलवाइफ हा मूळचा अटलांटिक समुद्राचा छोटा मासा, तो या सरोवराचा नाही हे सगळ्यांना मान्य आहे. तरीही तो घटायला लागला की मत्स्यविभाग चिनूक सॅल्मनची पिल्लं कमी सोडतात, म्हणजे एलवाइफ खाणारी तोंडं कमी करतात. परक्या माशाला इतकं जपायचं कशासाठी? तो संपला तर सरोवराचं भलंच होणार नाही का? आणि तसं असेल तर त्याला सरळ काढून का टाकत नाहीत?

आधी थोडक्यात सांगतो. एलवाइफ संपल्यावर काय होतं याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही, कारण शेजारच्या हुरॉन सरोवरात ते 2003-04 च्या सुमारास घडून गेलं आहे. तिथे देशी माशांचं भलं झालं आणि सॅल्मनवर उभा असलेला किनाऱ्यावरचा धंदा बसला. मिशिगनमधली कपात एलवाइफसाठी नाही, सॅल्मनसाठी आहे. मी या सरोवरांतल्या मत्स्यसाठ्यांच्या मोजणीचं काम बरीच वर्षं करत आलो आहे आणि माझं मत असं बनलं आहे की एलवाइफ कमीच राहिला पाहिजे, पण तो एकदम कोसळू देणं शहाणपणाचं नाही. या दोन्ही गोष्टी एकदम कशा म्हणता येतात, ते समजायला हा मासा नीट ओळखायला हवा.

एलवाइफ हेरिंगच्या घराण्यातला, म्हणजे तारली आणि पाला यांचा लांबचा नातलग. ट्रॉल जाळं वर आलं की डेकवर चांदीचा ढीग पडतो आणि हातात घेतल्याबरोबर खवले बोटांना चिकटून निघून येतात. पाठ निळसर हिरवी, डोळा अंगाच्या मानाने मोठा, कल्ल्यामागे एकच काळा ठिपका. पोटाखालून बोट शेपटीकडून डोक्याकडे फिरवलं तर करवतीच्या दातांसारखी धार लागते. बाकीच्या चंदेरी माशांतून तो वेगळा काढायची ही सगळ्यात खात्रीची खूण. समुद्रात राहणारा एलवाइफ पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि अंडी घालायला नद्यांत शिरतो. सरोवरात अडकलेला मात्र पंधरा ते वीस सेंटिमीटरवरच थांबतो, तिथेच जन्मतो, तिथेच मरतो.

सरोवराचं पाणी त्याला फारसं मानवत नाही. पाण्याचं तापमान तीन अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याच्या शरीरातला क्षारांचा तोल बिघडू लागतो. गोड पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे हिवाळ्यात पृष्ठभाग गोठला तरी खोलवर पाणी तुलनेने उबदार राहतं. एलवाइफ हिवाळा तिथे काढतो. वसंतात तो रोडावलेल्या अंगाने उथळ, तापणाऱ्या पाण्याकडे अंडी घालायला निघतो, आणि वारा फिरला की खालचं थंड पाणी अचानक वर येतं. अशा वेळी तो मोठ्या संख्येने मरतो. कडक हिवाळ्यानंतर त्याची नवी पिढी कमकुवत निघते, तीही याच कारणाने. इतका नाजूक मासा या प्रचंड सरोवरांवर राज्य करू शकला, कारण त्याला खाणारं कोणी उरलं नव्हतं.

ऑन्टारिओ सरोवरात तो 1873 मध्ये नोंदवला गेला. तिथे तो कसा आला यावर अजून वाद आहेत. पुढचा मार्ग मात्र स्पष्ट आहे. नायगारा धबधबा ही वरच्या चार सरोवरांची नैसर्गिक भिंत होती. तिला वळसा घालून जहाजं नेण्यासाठी वेलँड कालवा खोदला गेला, तो 1829 मध्ये सुरू झाला आणि पुढे अनेकदा रुंद आणि खोल केला गेला. एलवाइफ ईरी सरोवरात 1931 मध्ये, हुरॉनमध्ये 1933 मध्ये, मिशिगनमध्ये 1949 मध्ये आणि सुपीरियरमध्ये 1954 मध्ये सापडला. सुपीरियरचं पाणी त्याच्यासाठी फारच थंड, तिथे तो कधी फोफावला नाही.

त्याच कालव्याच्या वाटेने त्याच्याआधी सी लॅम्प्रे वर पोचला होता. जबडा नसलेला हा जीव मोठ्या माशांना तोंडाने चिकटतो, कातडीला भोक पाडून रक्त पितो. ईरीत तो 1921 मध्ये दिसला आणि 1930 च्या दशकात मिशिगन, हुरॉन, सुपीरियर या तिन्ही सरोवरांत पसरला. लेक ट्राउट हा इथला देशी शिकारी मासा बेसुमार मासेमारीने आधीच कमी झाला होता, लॅम्प्रेने उरलेला संपवला. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिशिगन सरोवरातला देशी लेक ट्राउट नामशेष झाला होता. हुरॉनमध्ये जॉर्जियन उपसागरातल्या पॅरी साउंडसारख्या एखाददुसऱ्या कोपऱ्यात तो तग धरून राहिला. वरचा शिकारी गेलेला आणि रिकाम्या झालेल्या सरोवरात एलवाइफ शिरलेला, असा तो योग होता. 1960 च्या दशकाच्या मध्यावर मिशिगन सरोवरातल्या माशांच्या एकूण वजनात सुमारे 80 टक्के वाटा या एकाच जातीचा होता असं मानलं जातं.

मग 1967 चा उन्हाळा आला. मिशिगनच्या किनाऱ्यांवर, विशेषतः शिकागोच्या बाजूला, मेलेल्या एलवाइफचे थरच्या थर लागले. पाणीपुरवठ्याच्या तोंडाशी मासे अडकले, किनारे यंत्रांनी साफ करावे लागले, पर्यटनाचा हंगाम वाया गेला. मेलेले मासे अब्जांत मोजावे लागतील इतके होते. लोकांच्या आठवणीत एलवाइफ म्हटलं की ती दुर्गंधी येते. मला मात्र किनाऱ्यावर दिसलं त्यापेक्षा पाण्याखाली काय झालं होतं ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

एलवाइफ प्राणिप्लवक खातो, म्हणजे पाण्यात तरंगणारे डॅफ्नियासारखे बारीक जीव. तो नुसतं पाणी गाळून खात नाही, डोळ्यांनी पाहून मोठे जीव आधी वेचतो. 1965 मध्ये ब्रूक्स आणि डॉडसन या दोघांनी कनेक्टिकटमधल्या तळ्यांवरचं काम प्रसिद्ध केलं. एलवाइफचा सख्खा भाऊबंद असलेला मासा एका तळ्यात येण्याआधीचं आणि आल्यानंतरचं प्लवक त्यांनी ताडून पाहिलं. मोठ्या जाती गायब झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी बारक्या जाती आल्या होत्या. जलाशयांच्या अभ्यासात ते काम आजही पायाभूत मानतात. मिशिगन सरोवरात तेच मोठ्या प्रमाणावर घडलेलं दिसलं: 1954 मध्ये सापडणारे मोठ्या अंगाचे प्लवकजीव 1966 पर्यंत दुर्मीळ झाले होते आणि 1967 च्या मरतुकीनंतर 1968 मध्ये ते परत दिसू लागले. याचा अर्थ सरोवराचं प्लवक कसं असावं हे एक परका मासा ठरवत होता. त्याच मोठ्या प्लवकावर जगणारे सिस्को कुळातले देशी मासे उपाशी पडले.

तो एवढ्यावर थांबत नाही. एलवाइफ दुसऱ्या माशांची नुकती फुटलेली पिल्लंही खातो. वसंतात तो किनाऱ्याकडे येतो नेमका तेव्हाच यलो पर्च, एमराल्ड शायनर यांची पिल्लं उघड्या पाण्यात तरंगत असतात, आणि खडकाळ उंचवट्यांवर लेक ट्राउटची पिल्लं गोट्यांच्या फटींतून वर येत असतात. एक एलवाइफ फार काही खात नाही, पण थवा लाखांचा असतो. एमराल्ड शायनर एकेकाळी मिशिगनच्या बंदरांत गर्दी करून असायचा, तो 1960 च्या दशकात जवळपास दिसेनासा झाला.

आता सॅल्मनकडे येऊ, कारण प्रश्नाचं मूळ तिथे आहे. 1964 मध्ये मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख झालेले हॉवर्ड टॅनर आणि त्यांच्यानंतर ते पद सांभाळणारे वेन टोडी यांनी ठरवलं की एलवाइफवर पॅसिफिक किनाऱ्यावरचा सॅल्मन सोडायचा. ऑरेगनहून कोहो या सॅल्मनच्या जातीची अंडी आणली आणि 1966 च्या वसंतात प्लॅट नदीत आणि बेअर क्रीकमध्ये पिल्लं सोडली. 1967 मध्ये चिनूकही आला. लॅम्प्रेला मारणारं टीएफएम हे औषध 1950 च्या दशकाच्या अखेरीस सापडलं होतं, ओढ्यांत त्याची प्रक्रिया सुरू झाली होती आणि लॅम्प्रेची संख्या खूप खाली आली होती, म्हणून हे जमलं. एलवाइफ खाऊन सॅल्मन भराभर वाढला. गळ टाकणाऱ्यांची झुंबड उडाली, भाड्याच्या बोटी आल्या, बंदरं, मोटेलं, गळाची दुकानं यांचा धंदा उभा राहिला. एलवाइफ आवाक्यात आला आणि किनाऱ्यांवरचे ढीग थांबले.

टॅनर यांना आज नावं ठेवणारे लोक आहेत, एका परक्या माशावर दुसरा परका मासा आणला म्हणून. मला ती टीका अन्यायाची वाटते. त्या वेळी सरोवरात शिकारीच उरला नव्हता. लेक ट्राउट मत्स्यबीज केंद्रांतून सोडला जात होता, पण त्याची वाढ सावकाश आणि त्याची पिल्लं जगत नव्हती. सरोवर जसं हाती आलं त्यात तो उपाय चालला. त्या उपायाने एक गाठ मात्र मारली गेली: सॅल्मन एलवाइफवर अवलंबून झाला आणि त्यामुळे सॅल्मन हवा असणाऱ्या प्रत्येकाला एलवाइफ हवासा झाला. चिनूकचं पोट चिरून पाहिलं की वर्षानुवर्षं बहुतेक एलवाइफच निघतो. तो मधल्या, मोकळ्या पाण्यात शिकार करतो. तळाशी दगडांत राहणारा राउंड गोबी आज ढिगाने उपलब्ध असला तरी चिनूक तिकडे वळत नाही. लेक ट्राउट वळतो.

लेक ट्राउटची पिल्लं का जगत नव्हती, हा या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे आणि सर्वसाधारण लेखांत तो एका ओळीत उरकला जातो, म्हणून इथे थोडा थांबतो.

एलवाइफच्या शरीरात थायमिनेज नावाचं विकर असतं. ते थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-1, तोडून टाकतं. माशात थायमिनेज असतं आणि तो मासा कच्चा खाणाऱ्याला त्याचा त्रास होतो, हे 1930 च्या दशकातच अमेरिकेतल्या कोल्हेपालनाच्या फार्मवर दिसलं होतं. कच्चे मासे खायला घातलेले कोल्हे लुळे पडून मरत होते, त्या रोगाला चास्टेक पक्षाघात हे नाव पडलं. लेक ट्राउट, सॅल्मन यांची मोठी मादी एलवाइफ खाऊन मरत नाही. ती धष्टपुष्ट दिसते, भरपूर अंडी घालते. पण त्या अंड्यांत थायमिन कमी भरलेलं असतं.

परिणाम पिल्लांत दिसतो. मत्स्यबीज केंद्रात अंडी व्यवस्थित फुटतात, पिल्लं पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगत वाढतात, सगळं ठीक वाटतं. मग पिशवी संपत येते आणि वर पोहून स्वतः खायला लागायची वेळ येते, नेमकी तेव्हा ती बिघडतात. काही कुशीवर पडून राहतात, काही मळसूत्राच्या फेऱ्यांत गरगर पोहतात, काही तळाशी निपचित पडतात, हाताने पाणी हलवलं तरी हलत नाहीत. थोड्या दिवसांत टाकीच्या टाकी मरते. 1990 च्या दशकात हे मिशिगनच्या कोहोंमध्ये इतकं वाढलं की केंद्रांना वर्षाचं बीज मिळवायची चिंता पडली. न्यूयॉर्कमधल्या फिंगर लेक्समधल्या अटलांटिक सॅल्मनमध्येही हेच चाललं होतं, तिथे त्याला केयुगा सिंड्रोम म्हणायचे. प्रदूषणापासून रोगजंतूंपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. मग आजारी पिल्लांना थायमिनच्या पाण्यात ठेवून पाहिलं, आणि मरायला टेकलेली पिल्लं सरळ पोहू लागली. आता केंद्रांत अंडी किंवा पिल्लं थायमिनच्या पाण्यात बुडवून काढणं हे नेहमीचं काम झालं आहे.

केंद्रात हे चालतं. सरोवराच्या तळाशी, खडकांच्या फटींत अंडी घालणाऱ्या लेक ट्राउटच्या मादीच्या अंड्यांना थायमिन कोण देणार? दशकानुदशकं लाखो लेक ट्राउट सोडले, ते मोठे झाले, त्यांनी अंडी घातली, आणि तरी मिशिगन आणि हुरॉनमध्ये नैसर्गिक पैदास जवळपास नव्हतीच. अंड्यांत थायमिन प्रति ग्रॅम 4 नॅनोमोलच्या वर असावं हे आज व्यवस्थापनात धरलेलं लक्ष्य आहे. एलवाइफ भरपूर होता तेव्हा मादीची अंडी त्याच्या खाली राहायची. भर म्हणून, जी पिल्लं वाचली ती वर आली की तोच एलवाइफ त्यांना खायला तयार असायचा. आईच्या पोटातून आणि बाहेरून, असा दोन्हीकडून मार होता. म्हणून कुणी ‘मासा कुठला का असेना, खाद्य तर मिळतंय ना’ असं म्हटलं की मी ते मान्य करत नाही. एलवाइफ हे असं खाद्य आहे की खाणाऱ्याची पुढची पिढी त्याने कापली जाते.

आता हुरॉन. मिशिगन आणि हुरॉन मॅकिनॉच्या सामुद्रधुनीने जोडलेली आहेत, पाण्याची पातळी एकच. तिथेही चिनूक सोडला जात होता आणि शिवाय तो जॉर्जियन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत स्वतः पिल्लं घालू लागला होता. ही जंगली पिल्लं किती आहेत याचा हिशेब बराच काळ पक्का नव्हता. दुसऱ्या बाजूला क्वागा शिंपल्यांनी तळ व्यापायला सुरुवात केली होती. झेब्रा शिंपले 1988 मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडले, क्वागा त्यांच्या मागोमाग आले. झेब्रापेक्षा क्वागा खोल, थंड पाण्यात आणि मऊ गाळावरही जगतात, आणि पाणी गाळत राहतात. वसंतातला एकपेशीय शेवाळांचा बहर त्यांनी तळाशी ओढून घेतला. प्लवक घटलं आणि तळाच्या गाळातला डायपोरिया हा चरबीने भरलेला बारीक जीव कोसळला. एलवाइफ तो आवडीने खायचा. मिशिगनमधल्या मोजणीनुसार 1980 च्या आसपासच्या तुलनेत 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या एलवाइफमधली ऊर्जा सुमारे 23 टक्क्यांनी कमी झाली होती. म्हणजे तेवढंच वजन वाढवायला सॅल्मनला जास्त एलवाइफ गिळावे लागत होते. वरून जास्त तोंडं आणि खालून कमी अन्न, अशी कोंडी झाली. त्यात 2002-03 चा थंड हिवाळा आला, आणि मोठा एलवाइफ हुरॉनमधून जवळपास नाहीसा झाला.

चिनूक आधी बारीक झाला, डोकं मोठं आणि अंग सुरळीसारखं, मग कमी झाला. ऑस्कोडा, रॉजर्स सिटीसारख्या बंदरांत सॅल्मनसाठी येणारे लोक येईनासे झाले. बोटी विकल्या गेल्या. तिथल्या माणसांना ही पर्यावरणाची गोष्ट नव्हती, पोटाची होती, आणि देशी माशांच्या बाजूने बोलताना ते विसरणारा माणूस मला अर्धवट वाटतो.

पण त्याच वर्षांत पाण्याखाली जे घडलं ते मी हयातीत पाहीन असं मला वाटलं नव्हतं. 2004 पासून ट्रॉलमध्ये पंख न कापलेले लहान लेक ट्राउट येऊ लागले. केंद्रातून सोडलेल्या माशाचा एखादा पर खूण म्हणून कापलेला असतो. सगळे पर शाबूत असलेला छोटा ट्राउट हातात येणं म्हणजे तो सरोवरातच जन्मला. आधी एखाददुसरा, मग दरवर्षी नेमाने, मग इतके की सोडायची संख्या कमी करायची चर्चा सुरू झाली. सॅगिनॉ उपसागरातला वॉलाय हा देशी मासा 2003 पासून अशा जोरात पैदा होऊ लागला की 2006 मध्ये त्याची पिल्लं सोडणं थांबवलं आणि 2009 पर्यंत त्याच्या पुनरुज्जीवनाची ठरवलेली उद्दिष्टं पूर्ण झाली. एमराल्ड शायनर परत दिसला. दशकानुदशकं पैसा आणि मेहनत ओतून जे जमलं नव्हतं, ते एक छोटा मासा बाजूला झाल्यावर थोड्या वर्षांत झालं. आणि एलवाइफ तिथे परत फोफावला नाही. शिकारी आता अनेक जातींचे आहेत, प्लवक पूर्वीसारखं नाही, आणि थोडीफार पिल्लं दिसली तरी ती मोठी होईपर्यंत टिकत नाहीत.

मिशिगनमधल्या कपातीचं कारण इथे आहे. हुरॉनच्या अनुभवानंतर मिशिगन सरोवराभोवतालच्या राज्यांनी आणि आदिवासी मत्स्यसंस्थांनी एक निर्देशक पाळायला घेतला: चिनूकच्या एकूण वजनाला एलवाइफच्या एकूण वजनाने भागायचं. 0.05 हे लक्ष्य, 0.10 ही धोक्याची रेषा. आकडा वर सरकू लागला तेव्हा 2013 मध्ये चिनूकची पिल्लं सोडण्यात जवळपास निम्मी कपात झाली आणि पुढे 2017 मध्ये आणखी झाली. ऑन्टारिओ सरोवरातही लागोपाठच्या कडक हिवाळ्यांनी 2013 आणि 2014 चे एलवाइफ वयोगट कमकुवत निघाले, तेव्हा 2017 पासून सोडण्यात घट केली गेली. हुरॉनमध्ये खूण केलेले चिनूक मिशिगनमध्ये खायला येतात हेही या हिशेबात धरावं लागतं. माशाला राज्याची हद्द कळत नाही.

एलवाइफ किती आहे हे कसं कळतं, असंही काहींना वाटेल. मिशिगनमध्ये 1973 पासून दर शरदात ठरलेल्या जागी, ठरलेल्या खोलीवर तळाचं ट्रॉल ओढलं जातं. शिवाय रात्री थवे वर आले की ध्वनिलहरींनी मोजणी होते. एकूण वजनापेक्षा मी वयाकडे जास्त पाहतो. माशाच्या कानातला तांदळाच्या कणीएवढा खडा, ऑटोलिथ, काढून भिंगाखाली धरला की झाडाच्या वलयांप्रमाणे वर्षांची वलयं मोजता येतात. पूर्वी सात-आठ वर्षांचे एलवाइफ सर्रास मिळायचे. शिकार वाढली की म्हातारे मासे आधी संपतात आणि साठा दोन-तीन वयोगटांवर येऊन उभा राहतो. 1998 किंवा 2010 सारखं एखादं चांगलं वर्ष बाकीच्यांना पुढे ओढून नेतं. तशी दोन वर्षं लागोपाठ वाईट गेली तर खाली काही उरत नाही. जाळ्यात वजन बरं दिसत असताना खड्यांत म्हातारे दिसत नसतील, तर मी ते सरोवर सुरक्षित मानत नाही.

मग सरळ काढून का टाकत नाहीत? कारण तसं साधनच नाही. मिशिगनचा विस्तार सुमारे 58,000 चौरस किलोमीटर आहे. एवढ्या पाण्यात निवडून एका माशाला मारणारं औषध नाही. टीएफएम लॅम्प्रेवर चालतं, कारण लॅम्प्रेच्या अळ्या काही वर्षं ओढ्यांच्या गाळात राहतात आणि तिथे त्यांना गाठता येतं. एलवाइफला असा अडवायचा नाका नाही. मोठी जाळी लावून व्यापारी मासेमारी पूर्वी झाली, तिनेही तो संपला नाही. त्याला खरोखर संपवू शकतं ते एकच, त्याला खाणारा मासा. म्हणजे ज्यांना एलवाइफ नको त्यांनी मागणी करायची ती चिनूक जास्त सोडण्याची, आणि ज्यांना चिनूक हवा त्यांनी चिनूक कमी सोडण्याची. सभांमध्ये लोक याच्या अगदी उलट बोलताना दिसतात: गळकरी जास्त पिल्लं सोडा म्हणतात आणि देशी माशांचे पुरस्कर्ते सोडणं बंद करा म्हणतात. दोघांनाही स्वतःच्या मागणीचा शेवट समजावून सांगण्यात आमचा बराच वेळ जातो.

माझी भूमिका. एलवाइफ मुद्दाम वाढवायला मी कधीही पाठिंबा देणार नाही. थायमिनची गोष्ट माहीत असताना ते करणं म्हणजे लेक ट्राउटच्या पिल्लांवर पाणी सोडणं. मिशिगनमध्येही एलवाइफ घटल्यापासून जंगली लेक ट्राउट दिसू लागले आहेत, विशेषतः सरोवराच्या दक्षिण भागात, आणि ती चाल उलटू देऊ नये. पण एलवाइफ एकदम कोसळावा असंही मला वाटत नाही, कारण आज मोकळ्या पाण्यातली त्याची जागा घ्यायला पुरेसं कोणी नाही. क्वागाने उत्पादन इतकं खाली नेलं आहे की एलवाइफ गेला म्हणून देशी प्लवकभक्षी आपोआप उसळतील ही खात्री नाही. हुरॉनमध्ये मोकळ्या पाण्यातलं माशांचं एकूण वजन पूर्वीच्या पातळीला परत आलेलं नाही. तेव्हा चिनूक बेताने सोडायचा, लेक ट्राउट, स्टीलहेड अशा मिळेल ते खाणाऱ्या शिकाऱ्यांवर भार वाटायचा आणि दरम्यान सिस्को परत उभा करायचा.

सिस्को हा खरा या जागेचा हक्कदार. देशी, मोकळ्या पाण्यात थव्याने राहणारा, प्लवकावर जगणारा, आणि त्याच्या अंगात थायमिनेज नगण्य. त्याला खाऊन वाढलेल्या मादीची अंडी धड राहतात. मिशिगनच्या ग्रँड ट्रॅव्हर्स उपसागरात तो आपला आपण वाढला आहे आणि तिथल्या लेक ट्राउटच्या पोटात तो सापडतो. हुरॉनच्या सॅगिनॉ उपसागरात 2018 पासून त्याची पिल्लं सोडली जात आहेत. हे काम सावकाश चालणारं आहे, निवडणुकीच्या किंवा अनुदानाच्या मुदतीत बसणारं नाही, आणि म्हणूनच त्याचा पैसा आधी कापला जातो. सॅल्मनच्या पिल्लांच्या संख्येवर जितका गदारोळ होतो त्याच्या एक दशांश आवाज सिस्कोसाठी उठला तरी बरंच काही बदलेल.

हा प्रश्न फक्त मोठ्या सरोवरांचा नाही. न्यूयॉर्कमधल्या ऑट्सेगो सरोवरात एलवाइफ 1986 मध्ये सापडला आणि तिथलं प्लवक बारीक झालं, पाणी गढूळ झालं. शॅम्प्लेन सरोवराच्या मिसिस्क्वॉय उपसागरात तो 2003 मध्ये सापडला, 2008 मध्ये तिथे मोठी मरतूक झाली. अशा आतल्या सरोवरांत तो बऱ्याचदा माणसाच्या बादलीतून पोचतो, आमिष म्हणून नेलेला किंवा मोठ्या माशांना खाद्य व्हावं म्हणून गुपचूप सोडलेला. गळाला लावायला जिवंत छोटे मासे नेत असाल तर एका पाण्यातले दुसऱ्या पाण्यात ओतू नका, उरलेले किनाऱ्यावर कोरड्या जागी टाका. पोटाखाली करवत आणि कल्ल्यामागे एक ठिपका असलेला चंदेरी मासा नव्या सरोवरात मिळाला, तर तो बर्फात ठेवा, जागा आणि तारीख लिहा आणि तिथल्या मत्स्यविभागाला कळवा.